साखरखेर्ड्याचे रण आणि पॅरिसचे सभागृह

वऱ्हाडच्या बालाघाटात, मेहकर आणि सिंदखेडराजा यांच्या दरम्यान वसलेल्या साखरखेर्डा या गावी ऑक्टोबर १७२४च्या प्रारंभी जी लढाई झाली, तिची इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत सामान्यतः एका ओळीत बोळवण होते. दख्खनच्या सुभेदारीसाठी दोन मोगल सरदार भांडले, एक पडला आणि दुसरा औरंगाबादेस जाऊन मसनदीवर बसला, एवढाच तिचा सारांश विद्यार्थ्याच्या हाती लागतो. परंतु त्या लढाईत निर्णय झाला तो केवळ कोणा एका सरदाराच्या भवितव्याचा नव्हे. अनेक सुभ्यांवर, अनेक राजकुळांवर आणि अनेक धर्मांच्या प्रजेवर ज्या एका सर्वोच्च संस्थेचा शब्द कायद्याचा उगम म्हणून मानला जाई, त्या संस्थेला उघड नकार न देता, तिचा सिक्का मस्तकी धारण करून, तिची आज्ञा निष्फळ कशी करावी, याचा वस्तुपाठ त्या दिवशी बुलढाणे जिल्ह्याच्या भूमीवर घातला गेला. हाच पाठ त्याच राजघराण्याने पुढे सव्वादोनशे वर्षे निरनिराळ्या स्वरूपांत गिरविला, आणि त्याची अखेर १९४८ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीपुढे, पॅरिस शहरी झाली. या दोन टोकांच्या मधला प्रवास वऱ्हाडच्याच मुलखातून होतो.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्लीचा बादशहा सामर्थ्याने क्षीण झाला होता, तरी अधिकाराचे मूळ म्हणून त्याचे स्थान अढळ होते. मोगलांशी सत्तावीस वर्षे अखंड झुंज देऊन ज्यांनी औरंगजेबाला दख्खनच्या मातीत निजविले, त्या मराठ्यांनाही दख्खनच्या सहा सुभ्यांवरील चौथाई आणि सरदेशमुखीचा हक्क निर्वेध करून घेण्यासाठी बाळाजी विश्वनाथास दिल्लीपर्यंत धाडावे लागले, आणि १७१९ साली त्याने आणलेल्या सनदा सातारच्या दरबारात विजयचिन्हांप्रमाणे स्वीकारल्या गेल्या. तलवारीने मिळविलेले तलवारीने जाते आणि सनदेने मिळालेले दप्तरात राहते, ही त्या काळच्या राज्यकर्त्यांची पक्की धारणा होती. वऱ्हाड हा त्या सहा सुभ्यांपैकी एक; त्यामुळे तेथील पाटील-देशमुखांच्या वतनापासून सुभेदाराच्या नेमणुकीपर्यंत प्रत्येक हक्काची अखेरची कडी दिल्लीच्या तख्ताशी जाऊन मिळे.

या व्यवस्थेतच मीर कमरुद्दीन निजाम-उल-मुल्क वाढला. औरंगजेबाच्या हाताखाली तयार झालेला हा सेनानी बुद्धिमान, सावध आणि दीर्घदर्शी होता. १७१३ साली तो प्रथम दख्खनचा सुभेदार झाला, दिल्ली दरबारातील सय्यद बंधूंच्या उत्कर्षकाळात त्याचे ते पद गेले, आणि १७२० साली नर्मदा ओलांडून त्याने खांडव्याजवळ दिलावर अलीखानास व त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाळापुरास आलम अलीखानास ठार करून ते बाहुबलाने परत घेतले. १७२२ साली बादशहा महंमदशहाने त्यास वजिरी दिली. औरंगजेबी शिस्तीत मुरलेल्या या वजिराने खालसा जमिनींची व्यवस्था सुधारावी, नजराण्यांच्या नावाने चालणारी लाचलुचपत थांबवावी, असे आग्रह धरले, तेव्हा रंगमहालात रमलेल्या दरबाऱ्यांस तो डोईजड झाला; आणि आपल्या शब्दास तेथे मोल नाही हे ओळखून १७२३च्या अखेरीस हवापालटाचे निमित्त पुढे करून त्याने दिल्ली सोडली. मराठ्यांचे उपद्रव निवारण्याचे कारण सांगत तो माळव्यातून दक्षिणेकडे वळला. वाटेत, मे १७२४मध्ये, धारजवळ नालछा येथे त्याची आणि तरुण पेशव्या बाजीरावाची भेटही झाली. बादशाही हुकमाशिवाय सुभ्यात येणाऱ्या सुभेदारास शेजाऱ्याची अनुकूलता आधी मिळवावी लागते, हे त्यास ठाऊक होते.

या प्रसंगी खुद्द सर्वोच्च संस्थेचे आचरण कसे होते, हे पाहिल्यावाचून निजामाच्या कृत्याचे मोल करता येत नाही. निजामाने दख्खनकडे परस्पर कूच केली ही जर अवज्ञा होती, तर ती उघडपणे अवज्ञा म्हणून घोषित करणे, त्याच्याकडून जबाब मागणे आणि न्यायाने शासन करणे हा बादशहाचा मार्ग होता. दिल्लीच्या मसलतगारांनी तो मार्ग सोडला. हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान हा निजामाच्याच हाताखालचा; त्याला आतून चिथावणी देऊन, दख्खनच्या सुभेदारीचे फर्मान त्याच्या हाती देऊन, निजामाचा काटा परभारे काढण्याची मसलत दरबाराने केली. एका हाताने मर्जी दाखवावयाची आणि दुसऱ्या हाताने मारेकरी उभा करावयाचा, अशी ही दुतोंडी राजनीती होती. बिचारा मुबारिझखान प्रामाणिकपणे आपल्यास बादशहाचा आज्ञाधारक समजून हैदराबादेहून औरंगाबादेच्या रोखाने निघाला, आणि साखरखेर्ड्यास निजामाच्या तोफांसमोर सापडला. मराठ्यांचे साह्य निजामाच्या पारड्यात होते. मुबारिझखान रणात पडला, आणि ज्याच्याजवळ बादशहाचे ताजे फर्मान होते तो बंडखोर व ज्याने ते फर्मान पायदळी तुडविले तो राजनिष्ठ, असा विलक्षण उलटा हिशेब त्या सायंकाळी मांडला गेला.

निजामाचे खरे राजकारण या विजयानंतर दिसले. त्याने मुबारिझखानाचे शिर दिल्लीस पाठविले आणि बंडाचा मोड झाल्याबद्दल बादशहाचे अभिनंदन केले, असे मराठ्यांचा इतिहासकार ग्रँट डफने नमूद करून ठेवले आहे. दुसऱ्या वर्षी बादशहाने त्याला दख्खनच्या सुभेदारीवर कायम केले आणि आसफजाह हा किताब बहाल केला. साखरखेर्ड्याचे नाव फत्तेखेर्डा असे बदलण्यात आले. पण लोकांच्या जिभेवर जुनेच नाव राहिले. निजामाने स्वतंत्र तख्त स्थापिले नाही, छत्र धरले नाही, खुत्ब्यातून बादशहाचे नाव काढले नाही, आणि त्याच्या वंशजांनी १८५७पर्यंत मोगल बादशहाच्याच नावाने नाणी पाडली. मात्र सुभ्याचा वसूल दिल्लीच्या खजिन्यात नियमाने जाणे, सुभ्यातील नेमणुका दिल्लीने करणे, सुभेदाराची बदली दिल्लीच्या इच्छेने होणे, हे सारे बंद झाले. किताब घ्यावयाचा आणि हुकूम मानावयाचा नाही, ही या पद्धतीची गुरुकिल्ली आहे. उघड बंड करणारा पुरुष संस्थेचे अस्तित्व निदान शत्रू म्हणून तरी मान्य करतो. तिच्या आच्छादनाखाली राहून तिचा अंतःसार शोषून घेणारा पुरुष तिला अधिक खोल जखम करतो, कारण त्या जखमेतून रक्त वाहताना दिसत नाही.

जो अधिकार आपल्यावर चालू नये म्हणून निजामाने रक्त सांडले, तोच अधिकार दुसऱ्यावर चालविताना त्याने किंचितही संकोच केला नाही. १७२७ साली कोल्हापूरकर संभाजी आणि सातारकर शाहू यांच्यातील वादाचे निमित्त करून, खरा छत्रपती कोण याचा निवाडा होईपर्यंत चौथाई देता येत नाही, असा पवित्रा त्याने घेतला. बादशहाचा प्रतिनिधी या नात्याने निवाडा करण्याचा हक्क आपला आहे, अशी त्याची बतावणी होती. बाजीरावाने त्याचे उत्तर फेब्रुवारी १७२८मध्ये पालखेडच्या निर्जल मैदानात त्यास कोंडून दिले, आणि मुंगी-शेवगावच्या तहाने तो प्रश्न मिटला. परंतु त्या प्रसंगातून निरंकुश सत्तेचे एक लक्षण निःसंदिग्धपणे प्रकट झाले: वरिष्ठ संस्थेची वैधता तिला तत्त्वतः मान्यही नसते आणि अमान्यही नसते, प्रसंगाप्रमाणे ती मागावयाची वा झिडकारावयाची असते.

पुढल्या पाऊणशे वर्षांत वऱ्हाडवर निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दुअमली चालली. रयतेला दोन सरकारांचे दोन कमाविसदार पोसावे लागले, आणि १८०३ साली असई व आडगाव येथील लढायांनंतर देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून काढून इंग्रजांनी निजामास दिला. आता निजामावर एक नवी सर्वोच्च सत्ता आली होती, आणि ती दिल्लीच्या बादशहासारखी दुबळी नव्हती. निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या ज्या कंटिंजंट फौजेचे शांततेच्या काळी सदैव पोषण करण्याचे बंधन तहाच्या अक्षरांत स्पष्ट नव्हते, त्या फौजेच्या खर्चाचे कर्ज निजामाच्या डोक्यावर चढवून गव्हर्नर जनरल डलहौसीने २१ मे १८५३ रोजी त्याच्याकडून वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब लावून घेतले. १८६० साली धाराशिव व रायचूर परत मिळाले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांच्या विश्वस्तपणाखाली राहिला, आणि त्या विश्वस्तपणाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडावा, असेही त्या तहात ठरले. ज्या विश्वस्तास हिशेब विचारता येत नाही, तो विश्वस्त कसला? दिल्लीच्या दुतोंडी राजनीतीपेक्षा कलकत्त्याची ही राजनीती अधिक सुसूत्र होती, परंतु नीतीच्या तराजूत तिचे वजन अधिक भरत नाही.

वऱ्हाड सोडावयास इंग्रज का तयार नव्हते, हे समजण्यासाठी खामगावाकडे पाहावे. अमेरिकेतील यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, वऱ्हाडच्या काळ्या जमिनीस सोन्याचा भाव आला, आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या उपस्थितीत जलंब ते खामगाव हा लोहमार्ग सुरू झाला, तो सारा कापसासाठी. निजामाचा दिवाण सर सालारजंगाने वऱ्हाड परत मिळावा म्हणून आयुष्य वेचले, १८७६ साली तो इंग्लंडलाही जाऊन आला. त्याच्या अर्जांस उत्तरे मिळाली, न्याय मिळाला नाही. अखेर ५ नोव्हेंबर १९०२ रोजी व्हाइसरॉय कर्झनने सहाव्या निजामाकडून, मीर महबूब अलीखानाकडून, वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला. निजामाचे सार्वभौमत्व कागदावर शाबूत राहिले आणि मुलूख इंग्रजांच्या मुठीत गेला. साखरखेर्ड्यानंतर निजामाने बादशहाचे जे केले होते, तेच येथे निजामाचे झाले. १८५३, १८६० आणि १९०२ या तिन्ही वेळी मेहकर, चिखली वा मलकापूरच्या एकाही शेतकऱ्यास, तुला कोणाच्या राज्यात राहावयाचे आहे, असा प्रश्न कोणी विचारला नाही.

मीर उस्मान अलीखान या सातव्या निजामाने ही कागदी सार्वभौमता पुन्हा जिवंत करण्याचा यत्न आरंभिला. ऑक्टोबर १९२३मध्ये त्याने व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगला लांबलचक खलिता पाठवून वऱ्हाड परत मागितला, आणि तो मिळाल्यास वऱ्हाडी जनतेस जबाबदार राज्यपद्धती व अंतर्गत स्वायत्तता देण्याचे वचन दिले. हे वचन वाचताना मन विस्मित होते. कारण खुद्द हैदराबाद संस्थानात, जेथे असे वचन पाळण्यास त्याला कोणाचाही अडथळा नव्हता, तेथे प्रजेला जबाबदार राज्यपद्धतीचा लवलेशही नव्हता. परक्याच्या हातातील प्रजेला स्वातंत्र्य देऊ करणे आणि आपल्या हातातील प्रजेला ते नाकारणे, यातच या मागणीची पोकळी होती. २७ मार्च १९२६ रोजी रीडिंगने उत्तर दिले की ब्रिटिश राजसत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ असून कोणाही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करण्याचा अधिकार नाही, आणि हे श्रेष्ठत्व केवळ तहांवर अवलंबून नाही. या पत्राने निजामाचा अहंकार दुखावला, पण विचारवंताला त्यात दुसरेच काही दिसते. जे श्रेष्ठत्व करारावरही अवलंबून नाही आणि प्रजेच्या संमतीवरही नाही, ते बळावर अवलंबून आहे, अशी ती कबुली होती. आणि बळावर उभ्या असलेल्या संस्थेची वैधता बळ ओसरताच नाकारली जाणार, हे तेव्हाच निश्चित झाले होते. २४ ऑक्टोबर १९३६च्या कराराने निजामास हैदराबाद व वऱ्हाड यांचा अधिपती असा किताब मिळाला आणि त्याचा वारस वऱ्हाडचा युवराज झाला. राज्य मात्र पूर्ववत मध्यप्रांताच्या कायदेमंडळातून चालले, जेथे वऱ्हाडची माणसे निवडून जाऊन बोलत होती.

सरहद्दीच्या पलीकडे, हैदराबाद संस्थानात, बोलण्यास बंदी होती. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वीच ती बेकायदा ठरविण्यात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस वंदे मातरम् म्हणणाऱ्या उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांस बाहेर काढण्यात आले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरुंगवास पत्करून जी मागणी चालविली ती साधी होती: राजाचे राज्य प्रजेला जबाबदार असावे. जून १९४७मध्ये निजामाने फर्मान काढले की इंग्रजांचे सार्वभौमत्व संपताच आपण स्वतंत्र होऊ आणि भारताच्या वा पाकिस्तानच्या घटना परिषदेत आपले प्रतिनिधी पाठविणार नाही. जुलै महिन्यात दिल्लीस गेलेल्या त्याच्या शिष्टमंडळाने वऱ्हाडच्या परतीचा प्रश्नही काढला. दिल्लीची घटना परिषद हीच आता खंडप्राय देशाची सर्वोच्च संस्था होती, आणि तिचे सामर्थ्य बादशहाच्या रक्तावर किंवा इंग्रजांच्या तोफांवर नव्हे, तर लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या संमतीवर अधिष्ठित होऊ पाहत होते. तिची मर्यादा निजामाला नको होती, आणि आपल्या राज्यातील प्रजेच्या सभेचीही मर्यादा त्याला नको होती. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी जैसे थे करार झाला. पण कासीम रझवीच्या रझाकार या सशस्त्र स्वयंसेवकांनी मराठवाड्यात जो धुमाकूळ घातला, त्यामुळे सरहद्दीवरील गावे ओस पडू लागली, माणसे जीव मुठीत धरून वऱ्हाडात येऊ लागली, आणि उमरखेडसारख्या ठिकाणी मुक्तिसंग्रामाची शिबिरे उभी राहिली.

आणि मग, दोन्ही घटना परिषदांना नकार देणाऱ्या त्या सरकारने २१ ऑगस्ट १९४८ रोजी जगातील सर्वांत वरच्या संस्थेचे दार ठोठावले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेतील पस्तिसाव्या कलमाप्रमाणे सदस्य नसलेल्या राष्ट्रासही आपला वाद सुरक्षा समितीपुढे नेता येतो, या आधारावर हैदराबादने तार केली. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १६ सप्टेंबरला पॅरिस येथे सर अलेक्झांडर कॅडोगन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. आठ मते अनुकूल, विरुद्ध एकही नाही आणि तिघे तटस्थ, अशा रीतीने विषय कार्यसूचीवर आला. हैदराबादतर्फे नवाब मोईन नवाझ जंग बोलले. भारताचे प्रतिनिधी रामस्वामी मुदलियार यांनी, हैदराबाद हे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने राष्ट्रच नाही, असा आक्षेप घेतला. वाद रंगात येण्यापूर्वीच १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, आणि २२ तारखेस त्याने स्वतःच तार करून तक्रार मागे घेतली. सत्य पूर्ण सांगावयाचे तर हेही सांगितले पाहिजे की त्या कारवाईच्या काळात व नंतर मराठवाड्यातील अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांवर भयंकर अत्याचार झाले, पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्यांची चौकशी केली आणि तिचा अहवाल दीर्घकाळ दप्तरात बंद राहिला. न्यायाचे नाव घेऊन येणाऱ्या शासनानेही आपल्यावर कोणाची तरी नजर असू द्यावी, हा धडा विजेत्यांसाठी आहे.

हैदराबादची ही रीत एकट्या हैदराबादची नव्हती. पोर्तुगालच्या सालाझारने १९५१ साली घटनादुरुस्ती करून गोव्यासह सर्व वसाहतींना सागरपारचे प्रांत असे नाव दिले, १९५५च्या अखेरीस राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळविले, आणि वसाहतींची माहिती मागणाऱ्या त्याच राष्ट्रसंघाला, तुम्हांस हा अधिकारच नाही, असे ठणकावले. मात्र सदस्यत्व मिळून आठ दिवस होतात न होतात तोच दादरा-नगरहवेलीच्या वाटेसाठी तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे धावला. डिसेंबर १९६०मध्ये आमसभेने गोव्याचे नाव स्वराज्य न मिळालेल्या प्रदेशांत नोंदविले, तेव्हा तो ठराव त्याने झुगारला. अलीकडे युरोपीय संघातही हेच दिसले: २०१८ साली युरोपीय संसदेने हंगेरीविरुद्ध लोकशाही मूल्यांच्या भंगाबद्दल कारवाई सुरू केली, २०२१ साली पोलंडच्या घटनात्मक न्यायाधिकरणाने संघाच्या करारांतील काही कलमे आपल्या घटनेशी विसंगत ठरविली, आणि दोन्ही सरकारे त्या संघाचा निधी घेत होती, त्याच्या बाहेर पडावयास मात्र तयार नव्हती. आसफजाहाचा किताब काळाप्रमाणे रूप बदलतो.

या साऱ्या इतिहासातून काही निष्पन्न होते, ते असे. वरिष्ठ संस्थेच्या वैधतेवर आघात करणारा राज्यकर्ता नेहमी स्वातंत्र्याची भाषा बोलतो. परक्यांनी आमच्या घरात लक्ष घालू नये, हे त्याचे पहिले वाक्य असते, आणि पुष्कळदा त्यात तथ्यही असते, कारण वरिष्ठ संस्था दुतोंडी वागतात, बळावर विसंबतात, विश्वस्तपणाचा हिशेब देत नाहीत. महंमदशहाने मुबारिझखानास बळी दिले, डलहौसीने कर्जाच्या नावाने मुलूख घेतला, रीडिंगने बळालाच हक्क म्हटले; आणि अशा प्रत्येक कृत्याने त्या संस्थांनी आपल्या विरोधकाच्या हाती शस्त्र दिले. म्हणून सर्वोच्च संस्थेचे पहिले संरक्षण तिच्या स्वतःच्या सरळपणात असते. पण त्या राज्यकर्त्याचे पहिले वाक्य ऐकून थांबता कामा नये. बाहेरच्या संस्थेला तुला जाब विचारण्याचा अधिकार नाही असे तू म्हणतोस, तर तुझ्या प्रजेला तो आहे काय, हा दुसरा प्रश्न त्याला विचारलाच पाहिजे. ज्या राज्यात वृत्तपत्र लिहू शकते, न्यायाधीश निकाल देऊ शकतो, विरोधी पक्ष निवडून येऊ शकतो, त्या राज्याने बाहेरच्या हस्तक्षेपाविरुद्ध तक्रार केली तर ती आदराने ऐकावी. ज्या राज्यात वरचाही निवाडा नको असतो आणि खालचाही, तेथे स्वातंत्र्य हे एका माणसाचे असते आणि पारतंत्र्य सर्वांचे.

निजामाला १९४७ साली हा दुसरा प्रश्न स्वामी रामानंद तीर्थ आणि हजारो सामान्य सत्याग्रही विचारीत होते, आणि त्याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते, म्हणूनच पॅरिसच्या सभागृहात त्याच्या वकिलाचे कायद्याचे मुद्दे कितीही चातुर्याचे असले तरी ते पोकळ वाटले. वऱ्हाडच्या वाट्याला सनदा, तह, पट्टे आणि किताब पुष्कळ आले. त्यांच्यापैकी एकही टिकला नाही, कारण ज्याच्या जमिनीचा तो सौदा होता त्याची सही त्यावर कधी नव्हती. आज साखरखेर्ड्याचा शेतकरी ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत मत देतो, आणि त्याच्या मताने बनलेल्या सरकारला न्यायालयात खेचू शकतो. हा अधिकार त्याला कोणा बादशहाने, रेसिडेंटने किंवा निजामाने दिला नाही. तो त्याच्या हाती जोवर जिवंत आहे, तोवर त्याच्या राष्ट्राने जगातील कोणत्याही संस्थेशी मान ताठ ठेवून बोलावे. आणि तो क्षीण होऊ लागला, तर राष्ट्राच्या सार्वभौमत्वाच्या घोषणा कितीही मोठ्याने झाल्या तरी त्यांच्याआड कोणाची सत्ता बळकट होत आहे, हे त्याने वेळीच ओळखावे.